वीस प्रतींचा गठ्ठा

न्यूपोर्टचे पाद्री सॅम्युएल हॉपकिन्स यांना ९ फेब्रुवारी १७७४ रोजी बॉस्टनहून एक पत्र गेलं. लिहिणारी फिलिस व्हीटली. वय विशीच्या आसपास, गुलामीतून सुटून काही महिनेच झालेले, आणि लंडनमध्ये छापलेला स्वतःचा कवितासंग्रह नुकताच हातात पडलेला. पत्रात कवितेबद्दल फारसं काही नाही. पुस्तकं आली आहेत, एक गठ्ठा बांधून मोहोर लावून ठेवलाय, असं ती कळवते. त्यात तुमच्यासाठी सतरा प्रती, मिस्टर टॅनर यांच्यासाठी दोन आणि मिसेस मेसन यांच्यासाठी एक. कोणाच्या हाती पाठवू, तेवढा माणूस नेमा. तुमच्या मुलाच्या हस्ते आधीच दिलेले वीस शिलिंगही पोचले. पुस्तक छापून आलेल्या कुठल्याही माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. तरी तो वाचताना गलबलून येतं. सात-आठ वर्षांची असताना जी मुलगी आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणली गेली, जिला नाव मिळालं ते त्या जहाजाचं आणि आडनाव विकत घेणाऱ्या घराचं, ती आता स्वतःच्या नावाचं पुस्तक मोजतेय, बांधतेय आणि त्याचे पैसे लिहून ठेवतेय.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साहित्याच्या इतिहासात फिलिसचं नाव आलं की हटकून तो दाखला येतो. या कविता हिनेच लिहिल्या आहेत असं बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी सही करून सांगितलं, गव्हर्नर हचिन्सन आणि जॉन हॅनकॉक त्यांत होते, आणि तो दाखला पुस्तकात पुढेच छापला गेला. त्या दाखल्याचं महत्त्व आहेच. पण मला तिची विक्रीची पत्रं जास्त मोलाची वाटतात, कारण दाखल्यात इतर लोक तिच्याविषयी बोलतात आणि या पत्रांत ती स्वतः धंद्याचं बोलते. १८ ऑक्टोबर १७७३ला न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टर यांना लिहिलेल्या पत्रात सगळा व्यवहार आहे. मालकाने मला मुक्त केलंय, आता मी माझ्या पायावर उभी आहे. पुस्तकं कॅप्टन हॉलच्या जहाजातून आठ-दहा दिवसांत येतील. सोबत पत्रक जोडलंय, ओळखीच्या लोकांना वर्गणीदार करा, कारण निम्मी विक्री माझी आहे. बांधणीची प्रत अडीच शिलिंग, नुसती शिवलेली दोन. आणि तिथल्या कुणा छापखान्याने पुस्तक परस्पर छापायचा प्रयत्न केला तर माझं मोठं नुकसान होईल, तेव्हा लक्ष ठेवा. खरी प्रत ओळखायची खूण म्हणजे माझ्या हातची सही.

कॅप्टन हॉलचं जहाज म्हणजे डार्टमथ. ते २८ नोव्हेंबरला बॉस्टनला लागलं तेव्हा त्याच्या पोटात ईस्ट इंडिया कंपनीचा चहाही होता. १६ डिसेंबरच्या रात्री इंग्रजांच्या करावर चिडलेल्या लोकांनी तो चहा समुद्रात फेकला. पुस्तकं मात्र बचावली.

त्या दोन शिलिंगांचा अर्थ लावायचा तर तेव्हाचा छापखाना समजून घ्यावा लागतो. ऑक्टेव्हो आकाराचं पुस्तक म्हणजे कागदाच्या एका तावाला तीन घड्या, आठ कागद, दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं. आपल्याकडे छापखान्यात ज्याला फर्मा म्हणतात तेच. दोनशे पानांच्या पुस्तकाला साडेबारा फर्मे लागतात. ते शिवून वर निळा कागद लावला की स्वस्त प्रत तयार, मग घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्यात बांधून घ्यायचा. खर्चाचा मोठा वाटा कागदाचा, आणि कागदाचे पैसे छपाईच्या आधी मोजावे लागत. म्हणूनच आगाऊ वर्गणीदारांची पद्धत. १७७२च्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या ‘सेन्सर’ नावाच्या वृत्तपत्रात फिलिसच्या संग्रहाची पहिली जाहिरात आली. सुमारे दोनशे पानं, बांधीव प्रत चार शिलिंग, निळ्या कागदातली तीन, आणि तीनशे प्रतींची नोंदणी झाली की छपाई सुरू. तीनशे नावं जमली नाहीत. बॉस्टनला तिच्या कविता माहीत होत्या, १७७० साली तिचं एक शोकगीत घरोघर वाचलं गेलं होतं. पण फुटकळ पत्रक विकत घेणं वेगळं आणि गुलाम मुलीच्या पुस्तकासाठी आपलं नाव यादीत घालणं वेगळं. मग पुस्तक लंडनला गेलं, काउंटेस ऑफ हंटिंग्डनचा आधार मिळाला, आर्चिबाल्ड बेलने ते छापलं. काउंटेसच्याच इच्छेने आत लेखिकेचं चित्र घातलं गेलं, हातात लेखणी घेतलेलं. मुखपृष्ठ आणि लेखकाचा फोटो विक्रीला किती कामाला येतो हे त्या बाईंना पक्कं कळत होतं.

न्यूपोर्टला फिलिसची एक मैत्रीण होती, ओबर टॅनर. तीही गुलामच. फिलिस तिच्याकडे पत्रकं पाठवते आणि वर्गणीदार मिळव म्हणते, हे माझ्या फायद्याचं आहे असं स्पष्ट लिहिते. काउंटेस, गव्हर्नर, लंडनचा प्रकाशक या सगळ्या नावांत ओबरचं नाव दबून जातं. पण पुस्तक खपवायला लागतो तो असा माणूस. आपल्या गावात ज्याला चार घरं ओळखतात, जो प्रती हातात घेऊन जातो, पैसे गोळा करतो आणि प्रामाणिकपणे पाठवतो. अडीचशे वर्षं झाली, कृष्णवर्णीय लेखकांचं स्वतंत्रपणे पुस्तक काढणं आजही अशाच माणसांवर चालतं.

हे जाळं तुटलं की काय होतं, तेही फिलिसच्याच बाबतीत दिसतं. १७७५ला इंग्लंडविरुद्ध अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. लंडनशी व्यवहार थांबला, म्हणजे तिथला प्रकाशक आणि आश्रयदाते दोन्ही गेले. १७७६च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने न्यूपोर्ट घेतलं. वूस्टर सेनापती म्हणून लढायला गेले आणि १७७७मध्ये जखमी होऊन वारले. १७७८च्या जुलैत फिलिस त्यांच्या विधवेला सांत्वनाचं पत्र लिहिते, सोबत मृतावर रचलेली कविता पाठवते, आणि त्याच पत्रात विनंती करते की न विकल्या गेलेल्या प्रती पहिल्या संधीला परत पाठवा आणि विकलेल्यांचे पैसेही, इथे एकेक प्रत मला बारा शिलिंगांना सहज विकता येईल. काही वाचकांना हे खटकतं, दुःखाच्या पत्रात हिशेब कसा म्हणून. मला नाही खटकत. तिच्याजवळ दुसरं भांडवलच नव्हतं. ज्याच्या घरी प्रती ठेवल्या तो माणूस गेला, त्या घरच्यांना त्या प्रती कुणाच्या हे कदाचित नीट ठाऊकही नसेल. आज दुकानात विक्री-परतीवर पुस्तकं ठेवणाऱ्या लेखकाची अडचण नेमकी हीच असते. दुकान बंद होतं, मालक बदलतो, आणि कपाटातल्या सात प्रती कुणाच्या हे सांगणारा कागद सापडत नाही.

पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १७७९ला, तिने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली. लग्नानंतर आता ती फिलिस पीटर्स होती. तेहेतीस कविता, तेरा पत्रं, सुमारे तीनशे पानं, अर्पण बेंजामिन फ्रँकलिन यांना. किंमत बांधीव प्रतीला बारा पौंड, निळ्या कागदातलीला नऊ. निम्मे पैसे नाव नोंदवताना, निम्मे प्रत हातात आल्यावर. सहा वर्षांपूर्वी शिलिंगांत मिळणारं पुस्तक पौंडांत कसं गेलं? युद्धाच्या कागदी चलनाची किंमत रोज घसरत होती. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, स्वतःच चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर असा दर मान्य केला. अशा दिवसांत ‘निम्मे आता, निम्मे नंतर’ ही अट छापणाऱ्याला बुडवणारी आणि घेणाऱ्याला घाबरवणारी. नंतरचे सहा पौंड हातात येईपर्यंत त्यात कागदही आला नसता. कागद तर आधीच दुर्मिळ. तीनशे पानं म्हणजे एकोणीस फर्मे. पहिल्या वेळेसारखी तीनशे प्रतींची जरी आवृत्ती धरली तरी साडेपाच हजारांच्या वर ताव लागले असते. नोंदणी झाली नाही. १७८४च्या सप्टेंबरात एका मासिकाने त्या हस्तलिखितातली एक कविता छापून पुन्हा वर्गणीदारांना साद घातली. ५ डिसेंबर १७८४ला फिलिस वारली.

ते हस्तलिखित आजवर सापडलेलं नाही.

या हरवलेल्या पुस्तकाचा विचार करताना माझं एक मत ठाम झालंय. पुढचं पुस्तक लिहिणं आणि आधीचं खपवणं ही दोन कामं आपण उगाच वेगळी मानतो. लेखकाने लिहावं, विक्रीचं बाकीच्यांनी पाहावं, हा सल्ला ज्याच्यासाठी बाकीचे आहेत त्याच्यापुरता ठीक. फिलिसच्या तेहेतीस कविता तयार होत्या. आधीच्या पुस्तकाचे वाचक जिथे होते, तिथवर पोचायच्या वाटा मात्र उरल्या नव्हत्या.

तिच्यानंतरच्या लोकांनी वाटा स्वतः बांधल्या. सटन ग्रिग्ज हे टेक्सासमध्ये जन्मलेले बाप्टिस्ट पाद्री. १८९९ साली त्यांनी पहिली कादंबरी काढली, मग नॅशव्हिलला स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली, आणि दारोदार फिरून व चर्चच्या मेळाव्यांतून पुस्तकं विकली. १९०८पर्यंत पाच कादंबऱ्या झाल्या. ऑस्कर मिशो साउथ डकोटात शेती करत होते. १९१३ला त्यांनी नेब्रास्कातल्या लिंकन गावी पहिलं पुस्तक स्वखर्चाने छापून घेतलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विकलं. ते बहुतेक गोरे, त्यांच्या ओळखीचे. पुढे दक्षिणेत जाऊन कृष्णवर्णीय वस्त्यांत विकलं. १९१७च्या कादंबरीवर चित्रपट काढायचं ठरलं तेव्हा मिशो भांडवलासाठी त्याच शेतकऱ्यांकडे गेले आणि त्यांना कंपनीचे शेअर विकले. १९१९ला चित्रपट पडद्यावर आला. ज्याने एकदा पुस्तकाला पैसे दिले तो दुसऱ्या कामालाही देतो, हे मिशोंना पक्कं ठाऊक होतं.

ई. लिन हॅरिस यांची गोष्ट अलीकडची. आयबीएममध्ये संगणक विकणारा हा माणूस. १९९१ला पहिली कादंबरी स्वतःच छापली, अटलांटात गाडीच्या डिकीत प्रती घालून कृष्णवर्णीय मालकांच्या पुस्तकदुकानांत आणि ब्यूटी सलूनमध्ये नेल्या. १९९४ला मोठ्या प्रकाशकाने ती कादंबरी घेतली. सलून का, हे नीट पाहण्यासारखं आहे. केसांच्या बारीक वेण्या घालायला चार-सहा तास सहज लागतात. तेवढा वेळ बाई खुर्चीत, समोर आरसा, बाजूला बोलायला चार जणी. तिथे ठेवलेल्या प्रतीची वीस-तीस पानं वाचून होतात आणि पुढे काय झालं हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. शिवाय शिफारस करणारी असते केस करणारी, जिच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास असतो. तिला दर प्रतीमागे काही रक्कम ठरवून द्यावी लागते आणि वाचायची प्रत वेगळी ठेवावी लागते. विकायच्या प्रती हाताळल्या गेल्या, त्यांना तेल आणि स्प्रे लागला की त्या कुणी घेत नाही.

न्यूयॉर्कमध्ये फूटपाथवरची टेबलं हा आणखी एक मोठा आधार. तिथे रस्त्यावर काही विकायचं तर परवाना लागतो, पण १९८२च्या शहराच्या कायद्याने छापील मजकूर विकणाऱ्याला त्यातून सूट दिली. हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर पुढे ज्या स्वतःच काढलेल्या कादंबऱ्या हजारोंनी खपल्या, त्यांच्यामागे ही सूट होती. आपल्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगायला नको. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी पुस्तकं विकली जातात, त्यांतली कितीतरी शहरातल्या मोठ्या दुकानांच्या काचेआड कधी दिसत नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा फिलिसच्या संग्रहाला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

आता आजचा हिशेब. समजा तीनशे पानांची कादंबरी, किंमत १६.९९ डॉलर, अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतः पुस्तक काढू देणाऱ्या सेवेवर, मागणीनुसार छपाई. काळ्या शाईच्या पुस्तकाला एक डॉलर ठरावीक आणि पानामागे १.२ सेंट, म्हणजे छपाई ४.६० डॉलर. साठ टक्के लेखकाचे, त्यातून छपाई वजा जाता हातात साधारण साडेपाच. तेच पुस्तक दुकानांना घाऊक वितरकामार्फत द्यायचं तर रिवाजाप्रमाणे ५५ टक्के सूट द्यावी लागते. उरले ७.६५, छपाई वजा केली की जेमतेम तीन. स्वतःच्या टेबलावर विकलं तर वाहतूक धरूनही दहा-अकरा डॉलर राहतात. दुकानात थेट विक्री-परतीवर ठेवलं तर बहुधा साठ-चाळीसचा वाटा आणि नव्वद दिवसांची मुदत. म्हणजे मिळतात अ‍ॅमेझॉनइतकेच, पण वाचक समोर येतो. म्हणून हे स्वतंत्र लेखक शनिवार-रविवार चर्चचं सभागृह, महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी मेळावा, कुटुंबांची उन्हाळी संमेलनं असे फिरत असतात. दहा डॉलर आणि तीन डॉलर यांतला फरक म्हणजे पुढच्या पुस्तकाचं संपादन.

जिथे बरेच जण अडकतात ती जागा परतीची. दुकानांनी पुस्तक मागवावं म्हणून लेखक वितरकाकडे ‘परत घेऊ’ असा पर्याय निवडतो. एखाद्या कार्यक्रमासाठी दुकान पन्नास प्रती मागवतं, बारा विकल्या जातात, अडतीस परत. परतीची पूर्ण घाऊक किंमत लेखकाच्या खात्यातून वळती होते, छपाई तर त्याने भरलेलीच असते. अडतीस गुणिले ७.६५, म्हणजे २९० डॉलर एका झटक्यात खात्यातून वजा. त्यापेक्षा कार्यक्रमाला आपल्या प्रती आपणच न्याव्यात आणि उरलेल्या आपणच परत आणाव्यात. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्वतःचा घ्यावा. अमेरिकेत एक घेतला तर १२५ डॉलर, दहा घेतले तर २९५, त्यामुळे तीन पुस्तकांचा विचार असला तरी दहाच परवडतात. फुकट मिळणारा क्रमांक घेतला तर तो त्या एकाच ठिकाणी चालतो आणि प्रकाशकाच्या जागी आपलं नाव येत नाही. भारतात हा क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, याची किंमत आपल्याला कळत नाही.

विषयसंकेतांकाचा, म्हणजे पुस्तक कुठल्या विषयात मोडतं हे दुकानांना सांगणाऱ्या खुणेचा, प्रश्न याहून नाजूक. पुस्तक-व्यवसायाच्या यादीत कृष्णवर्णीय कथासाहित्याला वेगळा संकेतांक आहे, त्याचे पोटविभागही आहेत. तो पहिला दिला की पुस्तक त्या वेगळ्या कपाटात जातं, जिथे शोधत येणारा वाचक नक्की सापडतो पण सहज चाळणारा फिरकत नाही. न दिला तर मोठ्या प्रकाशकांच्या रहस्यकथांच्या ढिगात बुडतं. तीन संकेतांक देता येतात. माझ्या मते पहिला कथाप्रकाराचा द्यावा, दुसरा समुदायाचा. कारण शोधयंत्र दोन्हीकडे पोचतं, आणि दुकानदार मात्र पहिलाच बघतो. यावर मतभेद आहेत आणि ते राहणार. आपल्या लोकांच्या कपाटात मानाने उभं राहणंही काही जणांना हवं असतं आणि ते मला पटतं.

फेब्रुवारीचंही तसंच. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून ग्रंथालयं, शाळा, दुकानं तेव्हा बोलावतात आणि मार्च लागला की फोन थांबतात. २०२०च्या जूनमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर कृष्णवर्णीय मालकांच्या लहान दुकानांवर मागणीचा असाच पूर आला, पुस्तकं छापखान्यांतच संपली, आणि काही आठवडे थांबायची तयारी नसलेल्या गिऱ्हाइकांनी पैसे परत मागितले. अशा लाटेवर नवं पुस्तक काढायचा मोह होतो. व्यावसायिक परीक्षणाच्या नियतकालिकांना प्रत प्रकाशनाच्या तीन-चार महिने आधी लागते, म्हणजे फेब्रुवारीच्या पुस्तकाची अंतिम प्रत ऑक्टोबरात तयार हवी. मला वाटतं, फेब्रुवारीत आधीचं पुस्तक घेऊन फिरावं, येईल त्या प्रत्येकाचा ईमेल आणि शहर लिहून घ्यावं, आणि नवं पुस्तक मे-जूनमध्ये, माणसं प्रवासाला निघायच्या आधी काढावं.

नव्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी आता फिलिसच्या काळासारखी अवघड राहिलेली नाही, पण तिच्यात एक काटा आहे. केडीपीवर ई-पुस्तकाची नोंदणी वर्षभर आधी उघडता येते. अंतिम फाइल मात्र प्रकाशनाच्या ७२ तास आधी चढवलेली असावी लागते. ती चुकली तर नोंदणी रद्द होते आणि वर्षभर पुन्हा नोंदणी उघडायची मुभा जाते. त्यामुळे पहिला खर्डा पूर्ण होण्याआधी तारीख जाहीर करू नये. संपादकाला सहा आठवडे, मुद्रितशोधनाला तीन, छापील नमुना प्रत टपालाने यायला दोन, आणि त्यात चूक सापडणारच म्हणून आणखी दोन, असे तेरा आठवडे धरावेत. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी दुसऱ्याचं पहिलं प्रकरण जरूर छापावं, पण तारीख आत छापू नये. ती सुट्या चिठ्ठीवर, नोंदणीच्या क्यूआर कोडसह, प्रतीत घालून द्यावी. तारीख पुढे गेली तर शंभर चिठ्ठ्या पुन्हा छापता येतात, पाचशे पुस्तकं नाही.